युरेल पास : सात प्रवासदिवस, चार देश आणि ब्रनोचा न ठरवलेला मुक्काम

निवृत्तीनंतर युरोप पाहायचा असे आम्ही उभयतांनी ठरवले, तेव्हा सीताबर्डी आणि धरमपेठेतल्या तीन प्रवास कंपन्यांची पत्रके घरी आणली. आमच्या शेजाऱ्यांपैकी दोन कुटुंबे अशा ग्रुप टूरने जाऊन समाधानाने परत आली आहेत, त्यामुळे त्या पद्धतीला मी नावे ठेवणार नाही. परंतु मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे आणि एखादी गोष्ट मनासारखी पाहून झाल्याशिवाय तिथून पाय निघत नाही. शिवाय रोज पहाटे सामान बांधून बसमध्ये बसणे सौ.च्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. म्हणून आम्ही युरेलचा ग्लोबल पास घेतला आणि मे महिन्यात, नागपूरचा पारा चढलेला असताना, चोवीस दिवसांच्या प्रवासाला निघालो.

हा पास युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी असून तो ३३ देशांतल्या रेल्वेगाड्यांवर चालतो. ठरावीक मुदतीत रोज प्रवास करण्याचा एक प्रकार आहे आणि महिन्याभरात ४, ५ किंवा ७ दिवस अथवा दोन महिन्यांत १० किंवा १५ दिवस निवडण्याचा दुसरा. आम्ही महिन्याभरातल्या ७ दिवसांचा, दुसऱ्या वर्गाचा पास घेतला. ६० वर्षे पूर्ण झालेल्यांना १० टक्के सवलत असल्याने ती आम्हाला मिळाली. ज्या दिवशी प्रवास करायचा तो दिवस मोबाइलमधील अ‍ॅपमध्ये नोंदवायचा. मग त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत कितीही गाड्या बदलल्या तरी एकच दिवस खर्ची पडतो.

आपल्याकडे ६० दिवस आधी आरक्षण उघडण्याची वाट पाहायची, मग पीएनआर आणि चार्ट यांवर डोळे लावून बसायचे, याची आयुष्यभर सवय असलेल्या माणसाला जर्मनीत आणि ऑस्ट्रियात आरक्षणाशिवाय लांब पल्ल्याच्या गाडीत चढता येते हे प्रत्यक्ष अनुभवल्याशिवाय पटत नाही. आसनाच्या वरच्या बाजूला ती जागा कोणत्या स्थानकापासून कोणत्या स्थानकापर्यंत राखीव आहे हे लिहिलेले असते. जिथे काही लिहिलेले नसेल तिथे बसावे. एका ठिकाणी गाडी उशिरा पोहोचल्याने पुढची गाडी चुकली, तेव्हा आम्ही अ‍ॅपमध्ये नंतरची गाडी नोंदवली आणि फलाटावरच्या बाकावर बसून घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिकीट वाया गेले नाही, कुणाला विनवावे लागले नाही. फ्रान्स, इटली आणि स्पेनमधील वेगवान गाड्यांना मात्र पास असूनही वेगळे शुल्क भरून आरक्षण करावेच लागते. मनात येईल तेव्हा निघता यावे, एवढ्यासाठीच पास घेणाऱ्याने पहिल्या प्रवासात हे तीन देश टाळावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

आमचा मार्ग असा झाला : फ्रँकफर्टहून ऱ्हाइन नदीच्या काठाने कोलोन, तिथून म्युनिक, पुढे साल्झबर्ग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग आणि शेवटी एल्बे नदीच्या कडेकडेने बर्लिन. हिशेबाने यासाठी सहा प्रवासदिवस पुरेसे होते. सातवा आम्ही मुद्दाम हाताशी ठेवला होता आणि संपूर्ण पासाचे चीज त्या एका दिवसाने केले.

बुडापेस्टहून प्रागला जाणारी गाडी आधी डॅन्यूबच्या काठाने स्लोव्हाकियात शिरते आणि ब्रातिस्लाव्हावरून चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोला पोहोचते. वेळापत्रकात ब्रनो हे नाव वाचल्यावर मी सौ.ला म्हणालो, ‘‘अगं, हे मेंडेलचे गाव.’’ ती म्हणाली, ‘‘मग उतरू या की.’’ आम्ही उतरलो आणि दोन रात्री राहिलो. ज्या मठात आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ मध्ये वाटाण्यावरचे प्रयोग सुरू केले, तिथे आता त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे आणि आवारात त्यांच्या हरितगृहाचा पाया पाहायला मिळतो. ७८७ उंच आणि २७७ बुटकी झाडे, हे आकडे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले, ३:१ हे गुणोत्तर शेकडो मुलांकडून घोटून घेतले. ती झाडे जिथे वाढली त्या जमिनीशेजारी उभा राहिलो तेव्हा माझ्याने बराच वेळ बोलवले नाही. १८६५ मध्ये याच शहरात त्यांनी आपले निष्कर्ष वाचून दाखवले आणि त्यांची खरी दखल घेतली गेली ती १९०० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. आम्ही पाहिलेल्या तीनही पत्रकांत ब्रनोचे नाव नव्हते.

व्हिसाच्या अर्जात मात्र या मोकळेपणाला फारशी जागा नाही. तिथे मुक्कामाच्या तारखा, हॉटेलांची नोंदणी आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. नागपुरातल्या एका एजंटाने प्रत्येक टप्प्याचे पक्के तिकीट काढल्याशिवाय अर्ज करताच येणार नाही असे ठामपणे सांगितले आणि आमचे पंधरा दिवस त्यात गेले. अखेर पासाची पावती, दिवसवार आराखडा आणि विनाशुल्क रद्द करता येणारी हॉटेले एवढ्या आधारावर आम्ही स्वतः अर्ज भरला, विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले आणि व्हिसा मिळाला. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहायचे त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. आमच्या बाबतीत तो जर्मनी होता आणि ब्रनोला थांबल्यानंतरही तो जर्मनीच राहील याची आम्ही काळजी घेतली.

पैशाच्या दृष्टीने पास सर्वांनाच परवडतो असे नाही. ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत त्यांना आधी काढलेली सुटी तिकिटे बहुधा स्वस्त पडतील. पासाचा दिवस लांबच्या टप्प्यावरच खर्चावा. म्युनिक ते साल्झबर्ग आम्ही पास वापरला नाही. बव्हेरिया राज्याचे एक दिवसाचे बायर्न तिकीट साल्झबर्गपर्यंत चालते आणि दोघांना मिळून ते पुष्कळ स्वस्त पडले. शहरांतल्या मेट्रो आणि ट्रामसाठीही पास सहसा चालत नाही, तो खर्च निराळा धरावा.

ज्येष्ठांसाठी आणखी दोन गोष्टी सांगतो. तिथे हमाल मिळत नाहीत, म्हणून प्रत्येकाने आपल्याला दोन पायऱ्या चढवता येईल एवढीच बॅग घ्यावी. आणि पास फोनमध्ये असल्यामुळे फोनची बॅटरी संपली की पासही दाखवता येत नाही. पॉवर बँक मोठ्या बॅगेत नव्हे, खांद्यावरच्या पिशवीत ठेवावी. तपासनीस पासाबरोबर पासपोर्टही मागू शकतात, तोही तिथेच असू द्यावा. खरेदीनंतर अकरा महिन्यांच्या आत पास सुरू करता येत असल्याने सवलत असेल तेव्हा तो घेऊन ठेवता येतो. आम्ही पुढच्या खेपेसाठी दोन महिन्यांतल्या दहा दिवसांचा पास घेणार आहोत आणि या वेळी एक नव्हे, दोन दिवस शिल्लक ठेवणार आहोत.