स्पॅनिश भाषकांना इंग्रजी शिकवताना: आधी सिंपल पास्ट की प्रेझेंट परफेक्ट?

ह्यूस्टनमध्ये आमच्या भागातल्या ग्रंथालयात मी दर शनिवारी सकाळी प्रौढांना इंग्रजी शिकवते. वर्गात बहुतेक जण मेक्सिको, होंडुरास, व्हेनेझुएलाचे. इथल्या काही मराठी मैत्रिणीही आता असे वर्ग घेणार आहेत आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न तोच: काळ कुठल्या क्रमाने घ्यायचे? पुस्तकात सगळ्यांना एकच क्रम दिलेला असतो. मला तो पटत नाही. समोरचा माणूस स्पॅनिश कुठलं बोलतो, त्यावरून क्रम ठरवावा.

आधी वर्तमानकाळ. सिंपल प्रेझेंट सोपा वाटतो, कारण स्पॅनिश क्रियापदाची सहा रूपं होतात आणि इंग्रजीत फक्त एका ठिकाणी ‘स’ लागतो. पण नेमका तोच ‘स’ छळतो. स्पॅनिशमध्ये तो ‘तू’ची खूण आहे: ‘आब्लास’ म्हणजे तू बोलतोस, ‘आब्ला’ म्हणजे तो बोलतो. म्हणून ‘ही स्पीक’ हेच तोंडात बसतं. क्यूबा, पोर्तो रिकोकडच्या बोलीत तर शेवटचा ‘स’ ऐकूही येत नाही. त्यात ‘डू’ आणि ‘डझ’ची भर. ‘आब्लास इंग्लेस?’ एवढं आवाज चढवून म्हटलं की स्पॅनिशमध्ये प्रश्न झाला, वेगळा शब्द लागत नाही.

प्रेझेंट कंटिन्युअस मात्र त्यांच्या घरचाच आहे. ‘एस्तोय कोम्येंदो’ म्हणजे तुकड्याला तुकडा जोडून ‘आय ॲम ईटिंग’. ‘डू’ची भानगड नाही, प्रश्नासाठी फक्त शब्दांची जागा बदलायची. पहिल्याच दिवशी माणूस चार वाक्यं बोलून घरी जातो, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसासाठी ही गोष्ट फार मोठी असते. अडचण एकच. स्पॅनिशमध्ये ‘के आसेस?’ला नुसतं ‘लेओ’ म्हटलं तरी ‘वाचतोय’ असा अर्थ होतो. त्यामुळे ‘आत्ता काय करतोयस?’ विचारायचं असताना ‘व्हॉट डू यू डू?’ बाहेर पडतं आणि समोरचा आपली नोकरी सांगायला लागतो. तरीही मी कंटिन्युअसच आधी घेते. ‘आय लिव्ह इन’, ‘आय वर्क ॲट’ ही ओळखीची वाक्यं मात्र पहिल्या दिवसापासून पाठ करून घेते, व्याकरण न सांगता.

आता खरी निवड. रचना पाहिली तर प्रेझेंट परफेक्ट सोपा दिसतो. ‘ए कोमीदो’ आणि ‘आय हॅव ईटन’ एकाच साच्यातून काढल्यासारखे आहेत. सिंपल पास्टमध्ये अनियमित क्रियापदांची लांबलचक यादी, ‘डिड वेंट’ची चूक, शिवाय उच्चार. ‘वॉक्ट’सारखा व्यंजनांचा जोड स्पॅनिश शब्दाच्या शेवटी येत नाही, म्हणून एक तर ‘वॉकेद’ होतं नाही तर ‘वॉक’. (‘ट’ किंवा ‘ड’ने संपणाऱ्या क्रियापदांनाच जादा ठोका मिळतो, ‘वॉन्टेड’, ‘नीडेड’. एवढा एकच नियम फळ्यावर लिहिला तरी खूप फरक पडतो.)

पण साचा सारखा असला तरी वापर सारखा नाही. माद्रिदचा माणूस आज सकाळच्या न्याहारीबद्दल ‘ए देसायुनादो’ म्हणतो, वेळ सांगूनसुद्धा. तेच इंग्रजीत नेलं की ‘आय हॅव हॅड ब्रेकफास्ट ॲट एट’ असं चुकीचं वाक्य तयार होतं. मेक्सिको सिटी किंवा ब्युनोस आयर्सचा माणूस साधं ‘देसायुने’ म्हणतो, म्हणजे तो सिंपल पास्टच्या जागी आधीच उभा आहे. त्याचं ‘या कोमी’ म्हणजे ‘आय ऑलरेडी एट’, आणि अमेरिकन लोक रोज हेच बोलतात. लंडनमध्ये बहुधा ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’ ऐकू येईल.

सिंपल पास्ट शिकवताना आणखी एक गाठ सोडवावी लागते. त्यांच्याकडे भूतकाळ दोन: ‘कोमी’ म्हणजे खाल्लं, ‘कोमीआ’ म्हणजे खायचो किंवा खात होतो. इंग्रजीत दुसरा कुठे गेला, म्हणून ते शोधत राहतात. मराठी शिक्षिकेला हे चटकन कळतं, कारण आपणही ‘खाल्लं’ आणि ‘खायचे’ वेगळं मानतो. नावांचा घोळही असतो. व्याकरणकार आंद्रेस बेल्यो यांनी 1847च्या आपल्या व्याकरणात काळांना नवी नावं दिली आणि मेक्सिकोच्या शाळांत ती चालतात: ‘कोमीआ’ हा कोप्रेतेरितो, ‘ए कोमीदो’ हा आंतेप्रेसेंते. स्पेनमध्ये शिकलेल्याला ही नावं परकी वाटतात.

परफेक्टचं एक वाक्य मात्र कुणालाच टाळता येत नाही. ‘इथे किती दिवसांपासून आहात?’ हा प्रश्न नोकरीच्या मुलाखतीत येतोच. स्पॅनिशमध्ये त्याचं उत्तर वर्तमानकाळात: ‘बीवो आकी देस्दे आसे दोस आन्योस’. मराठीतही वर्तमानकाळातच: ‘मी दोन वर्षांपासून इथे राहते’. म्हणून ‘आय लिव्ह हियर सिन्स टू इयर्स’ ही चूक त्यांची आणि आपली सामाईक. ‘आय हॅव लिव्ह्ड हियर फॉर टू इयर्स’ हे वाक्य लवकर द्यावं, नियम नंतर.

भविष्यकाळात निवडण्यासारखं फार नाही. ‘बोय आ कोमेर’ जवळजवळ जसंच्या तसं ‘आय ॲम गोइंग टू ईट’ होतं. तिथूनच सुरू करा, ‘विल’ मागाहून.

माझा निर्णय असा: अमेरिकेत लॅटिन अमेरिकन वर्ग असेल तर सिंपल पास्ट आधी, परफेक्ट बऱ्याच उशिरा. स्पेनहून लंडनला किंवा डब्लिनला नोकरीसाठी निघालेली नर्स असेल तर दोन्ही जवळजवळ घ्या, आणि ‘यस्टरडे’ किंवा घड्याळाची वेळ आली की ‘हॅव’ गळतं हे पहिल्याच तासाला सांगा.

पण नुसत्या देशावरून अंदाज बांधू नका. स्पेनमध्येच गॅलिसिया आणि कॅनरी बेटांवर आजच्या गोष्टीलाही साधा भूतकाळ वापरतात, तर बोलिव्हियात ‘ए’वाली रूपं भरपूर ऐकू येतात. मी नव्या विद्यार्थ्याला स्पॅनिशमध्येच म्हणते, ‘कुएन्तेमे सु मान्याना’, तुमची आजची सकाळ कशी गेली ते सांगा. माझ्या वाक्यात भूतकाळ नसतो, त्यामुळे तो स्वतःचा निवडतो. ‘देसायुने’ येतं की ‘ए देसायुनादो’, तेवढं ऐकते आणि वही उघडते.