ट्राउट आणि कॅमेरा: तीर्थन की लिद्दर?

एकाच सहलीत ट्राउट माशासाठी गळही टाकायचा आणि फोटोही काढायचे, तर मी हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्याकडे झुकतो.

तिथे दोन्ही कामं एकाच काठावर होतात. पाण्यात उभं असताना समोरच्या दगडावर डिपर हा पक्षी अंग वरखाली हलवत बसतो, मग थेट प्रवाहात बुडी मारतो. पांढऱ्या टोपीचा रेडस्टार्ट तर फार लांबही पळत नाही. २०१४ साली जागतिक वारसा ठरलेलं ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान शेजारीच आहे. मात्र त्याच्या आत फक्त कॅमेरा, गळ नाही. मासेमारी खालच्या पट्ट्यात, परवाना घेऊनच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटचा विणीचा काळ, तेव्हा बंदी असते.

काश्मीरमधली लिद्दर नदी मोठी, गळ फेकायला मोकळी. नद्यांचे 'बीट', म्हणजे मासेमारीचे ठरावीक पट्टे, पाडलेले असल्याने एका पट्ट्यात गर्दी होत नाही, हे मला फार आवडतं. पण वन्यजीवांसाठी श्रीनगरजवळच्या दाचीगाम राष्ट्रीय उद्यानाला वेगळा दिवस आणि वेगळी परवानगी लागते. हंगुल, म्हणजे काश्मिरी हरीण, मात्र तिथलाच! शरद ऋतूत नरांची साद घुमते, तेव्हा तो दिवस खर्चावाच.

सामान दोन्हीकडे सारखं: पाण्यावरची चकाकी मारणारा पोलरायझर आणि वॉटरप्रूफ पिशवी. मासा सोडून देणार असाल तर हात ओले करा, फोटोपुरताच क्षणभर वर उचला. त्याचा जीव फोटोपेक्षा मोलाचा.

हाताशी चारच दिवस असतील तर तीर्थन. आठवडा असेल आणि हंगुल पाहायचाच असेल, तर काश्मीर.