दर्यापुरातला पेटी अन् कोडिंगचा क्लास

पोट्टीले दर्यापूरच्या या क्लासात टाकलं अन् लय चांगलं झालं. सर कॉम्प्युटर सायन्स शिकलेले, तबला स्वतः वाजवतात, पुण्याची नोकरी सोडून इकडं आले. सोनिक पाय नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर हाय, सॅम ॲरननं बनवलेलं, त्यात कोड टाइप केला का सूर वाजते, जुन्या कॉम्प्युटरवर पन चालते. तीनतालाच्या १६ मात्रा पोरं आधी हातावर टाळी-खाली देऊन म्हणतात मंग तेच लूपमधी, म्हंजे पुन्हा पुन्हा चालनाऱ्या कोडमधी, लिहितात, दोन मात्रांतलं अंतर अर्धं केलं का लय दुप्पट होते हे त्याइले कानानंच समजते. ४४० हर्ट्झचा, म्हंजे सेकंदाले ४४० कंपनांचा, सूर ८८० केला का तोच सूर वरच्या सप्तकात येते, हे पोट्टीनं मले घरी पेटीवर वाजवून दाखवलं! गणितातलं गुणोत्तर असं कोन शिकवते भाऊ?

सर परदेशातल्या मराठी पोराइले ऑनलाइन शिकवतात, त्या पैशातून इथली फी कमी ठेवतात, अन् कापूस विकल्यावर दिली तरी चालते. फक्त इन्व्हर्टर घ्या सर, लाइट गेली का कोडिंग अर्ध्यातच राहते. शनिवारच्या बॅचमधी जागा हायेत, पयले फोन करून जा.