डेक्स्ट्रोज पावडर: चार वर्षं कार्ब टाळून वजनं उचलणाऱ्या बाईचा अनुभव

व्यायामाच्या वेळी पाण्यातून घ्यायला आणलेली ही पावडर. आधी तक्रार सांगते. पाकिटासोबत आलेल्या चमच्यावर '१० ग्रॅम' असं कोरलंय. सपाट भरला तर वजनकाटा १३ दाखवतो आणि घाईत भरतो तसा शिगोशीग भरला तर १८. तीनदा ठेवून बघितलं. जो दिवसाला दोनअडीचशे ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) खातो त्याला हा फरक किरकोळ वाटेल. माझा दिवसभराचा हिशेबच ३५ ते ४० ग्रॅमचा. दोन चमचे म्हणजे २० अशा समजुतीत मी होते आणि पोटात जात होते ३६. पहिले दहा दिवस त्या चमच्यापायी वाया गेले.

बाकी माल चोख. पांढरीशुभ्र, बारीक, गुठळी नाही. घटकांमध्ये एकच नाव, डेक्स्ट्रोज मोनोहायड्रेट. म्हणजे ग्लुकोजच, पण कणाकणात थोडं पाणी धरून बसलेलं. साधारण नऊ टक्के. २५ ग्रॅम पावडर घेतली की खरं ग्लुकोज २३ च्या आतच भरतं. गोडी साखरेपेक्षा कमी. चिमूटभर कोरडी जिभेवर ठेवली तर गार लागते, पुदिन्यासारखी. विरघळताना ती उष्णता ओढून घेते म्हणून. पाण्यात ढवळली की पेलाही हाताला किंचित गार लागतो. पहिल्या दिवशी मला वाटलं फ्रिजमधलं पाणी घेतलं की काय.

याआधी एक फ्लेवरवालं डबडं आणलं होतं, वर मोठ्या अक्षरात ग्लुकोज आणि ऊर्जा वगैरे. घरी येऊन मागची बाजू वाचली तर यादीत पहिला मान साखरेचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, तेव्हा पहिलं नाव तेच खरं. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज, आणि तो बहुतांशी यकृताकडे जातो. मला हवं होतं मांड्यांसाठी. ते डबडं पाहुण्यांच्या सरबताला संपवलं.

आता मी कोण ते. वय ४७. चार वर्षांपूर्वी एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ आला आणि त्या आठवड्यापासून कार्ब कमी केले. वजन उतरलं, आकडा ५.५ वर आला, दुपारची पेंग गेली. दुसऱ्या वर्षी वजनं उचलायला लागले. सगळं सुरळीत होतं, कारण नवशिक्याला काहीही खाल्लं तरी प्रगती दिसते. अडलं ते तिसऱ्या वर्षाच्या शेवटी. स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन उठाबशा, ५५ किलोवर. पहिला सेट आठ, दुसरा आठ, तिसऱ्यात पाचव्या रेपला, म्हणजे पाचव्या उठाबशीला, पाय म्हणजे ओला कापूस. दम लागलेला नाही, दुखत नाही, नुसतं आतून काही येतच नाही. गंमत म्हणजे ७२.५ किलोच्या तीन रेप्स व्यवस्थित निघायच्या. तेव्हा ताकद गेली नव्हती, टिकत नव्हती.

याचं कारण साधं आहे. पहिल्या दहाएक सेकंदांचं जोराचं काम स्नायू आतल्या तयार इंधनावर, क्रिएटिन फॉस्फेटवर भागवतो, त्याला कार्ब लागत नाहीत. सेट तीस-चाळीस सेकंदांचा झाला की ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, जाळावं लागतं. चरबी कितीही असली तरी ती इतक्या वेगाने जळत नाही. म्हणून जड आणि थोडक्या रेप्सवाल्याला लो-कार्बमध्ये वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, आणि आठ-दहा-बारा करणारा तिसऱ्या सेटला रडतो.

पण पावडरकडे धावण्याआधी मी मीठ वाढवलं, आणि तुम्हीही आधी तेच करा. कार्ब कमी, की इन्सुलिन कमी, की मूत्रपिंडं सोडियम बाहेर टाकतात. व्यायामाच्या अर्धा तास आधी पाव चमचा मीठ पाण्यातून घेतलं तेव्हा उभं राहताना येणारी चक्कर थांबली आणि तिसरा सेट पाचावरून सहावर गेला. निम्मं दुखणं मिठाचं होतं म्हणा ना. (रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हा उद्योग डॉक्टरांना विचारूनच.) उरलेल्या निम्म्यासाठी हे पाकीट.

मुलगा म्हणाला, "आई, चार वर्षं तू वाढदिवसाचा केकसुद्धा हुंगून ठेवून द्यायचीस. आणि आता पाकिटातून साखर पिणार?" प्रश्न रास्त होता. माझ्याही हाताला पहिला पेला जड वाटला.

चमच्याची भानगड कळल्यावर काट्यावर मोजून घेऊ लागले. १० ग्रॅमने काही कळलं नाही. १५ ने कदाचित. २५ वर तिसरा सेट आठवर आला, आणि महत्त्वाचं म्हणजे चौथा सेट, जो मी सोडूनच दिला होता, तोही सातवर. ५० घेऊन पाहिले तर पोट डचमळलं आणि घरी येऊन झोपले. माझ्या ५८ किलो वजनाला २५ पुरतात. शंभर किलोच्या माणसाला जास्त लागतील.

वेळेचं गणित मात्र मार खाऊन शिकले. सुरुवातीला घरून पिऊन निघायचे. एके दिवशी बार ठेवायचा रॅक अडलेला, दोघंजण आरामात गप्पा मारत आळीपाळीने करत होते. पाऊण तास थांबले. पहिल्या वॉर्म-अपलाच, नुसत्या रिकाम्या बारखाली, कपाळावर गार घाम आणि हात थरथरायला लागले. साखर चढली होती, मागोमाग इन्सुलिन आलं होतं, आणि काम करणारे स्नायू बाकावर बसून होते. तेव्हापासून पावडर कोरडीच बाटलीत घेऊन जाते, वॉर्म-अप सुरू झाला की पाणी ओतते आणि पहिल्या दोन सेटांत संपवते. नंतर साध्या पाण्याने चूळ भरते. दातांनी काय घोडं मारलंय?

ग्लुकोमीटर घरात होताच, म्हणून एका रविवारी नसता उद्योग केला. काही व्यायाम न करता ३० ग्रॅम प्यायले आणि सोफ्यावर बसले. पाऊण तासाने १७१. पोटात गोळाच आला, वाटलं चार वर्षांची मेहनत पाण्यात. व्यायामाच्या दिवशी २५ ग्रॅम घेऊन शेवटी मोजलं तर १०३. फरक असा का? एकतर आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतो. दुसरं, बराच काळ कार्ब न खाणाऱ्या शरीराचा एकदम आलेल्या ग्लुकोजला आवरण्याचा सराव सुटलेला असतो. ग्लुकोज टॉलरन्स टेस्टच्या आधी तीन दिवस रोज निदान १५० ग्रॅम कार्ब खायला सांगतात ते याच्यासाठीच. नाहीतर धडधाकट माणूसही कागदावर मधुमेही दिसू शकतो. तेव्हा ही पावडर सोफ्यावर बसून प्यायची वस्तू नाही, एवढं मी स्वतःपुरतं ठरवलंय.

कीटोन (कार्ब कमी असताना चरबीपासून बनणारं इंधन) बंद पडतील ही भीती होती. व्यायामाआधी ०.९, संपल्यावर ०.४, दुसऱ्या दिवशी सकाळी ०.८. विषय संपला. आठवड्यात वजन ८०० ग्रॅम वाढलं तेव्हा मात्र मन खट्टू झालं. ग्लायकोजेनचा एक ग्रॅम साधारण तीन ग्रॅम पाणी सोबत धरतो, हे तोंडपाठ असूनही काट्यावर उभं राहिल्यावर आठवत नाही. पॅन्ट तशीच बसत होती.

पण हे सगळं मनाचे खेळ तर नाहीत? २००४ साली सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला होता. कार्बचं पाणी गिळायचं नाही, तोंडात घोळवून थुंकायचं. तासाभराच्या शर्यतीत तेवढ्यानेही वेळ सुधारला. म्हणजे नुसत्या जिभेनेही मेंदूला उमेद येते. म्हणून मुलाला कामाला लावलं. एका बाटलीत २५ ग्रॅम डेक्स्ट्रोज, दुसरीत बिनकॅलरीचं गोड, दोन्हींत लिंबू आणि मीठ, वर 'क' आणि 'ख'. कोणती कशाची ते त्याच्याच वहीत. ५० किलोवर दहाचे चार सेट, आठ दिवस. वही उघडली तेव्हा डेक्स्ट्रोजच्या दिवशी एकूण रेप्स ३८, ३७, ३९, ३६. दुसऱ्या बाटलीच्या दिवशी ३५, ३७, ३३, ३४. आठ दिवसांवर कुणी शास्त्र रचू नये, आणि त्यातला तो ३७ माझ्याकडे बघून हसतोय हेही मान्य. पण मला पाकीट ठेवायला एवढं पुरलं. तीन-पाच रेप्सच्या जड दिवशी मात्र वहीत काही फरक दिसला नाही, तेव्हा त्या दिवशी घेत नाही.

आता खरी गोष्ट, जी पाकीट विकणारा कधी सांगणार नाही. वीस मिनिटं आधी प्यायलेल्या पेल्याने रिकामं कोठार भरत नाही. त्याला तास न् तास लागतात. मला यापेक्षा मोठा फायदा झाला तो पायांच्या आणि डेडलिफ्टच्या (जमिनीवरून बार उचलायच्या) दिवशी रात्रीच्या जेवणात एक मध्यम उकडलेला बटाटा वाढवल्याने. २५-३० ग्रॅम कार्ब. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस ९० च्या घरात, बाकीचे पाच पूर्वीसारखे. तीन आठवड्यांत ५५ किलोचे चारही सेट आठवर आले आणि आता बारवर ६० आहेत. तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासला, ५.५ च. तो वर गेला असता तर बटाटा आणि पाकीट दोन्ही बंद, हे आधीच वहीत लिहून ठेवलं होतं.

मुरलेल्या लो-कार्बवाल्यांना काहीच लागत नाही असं म्हणणारे भेटतात. २०१६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात सरासरी वीसेक महिने लो-कार्ब खाणाऱ्या लांब पल्ल्याच्या धावपटूंचं ग्लायकोजेन कार्ब खाणाऱ्यांइतकंच भरलेलं आढळलं होतं, ते खरं. पण ते तासन् तास धावणारे लोक. माझ्या तिसऱ्या सेटला त्यांचा दाखला देऊन काय उपयोग?

मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर यातलं काहीही स्वतःच्या मनाने करू नका. खासकरून लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्यांसोबत लो-कार्बच धोक्याचं असतं. साखर ठीक दिसत असताना कीटोन भलतेच वाढू शकतात. पहिल्या दोनतीन महिन्यांतल्या लो-कार्बवाल्यांनीही थांबावं. त्यांचा थकवा वेगळा असतो आणि बराचसा आपोआप जातो. आणि केवळ वजन उतरवायला हलकी वजनं उचलत असाल तर ही फुकटची कॅलरी.

पाचपैकी चार. एक गुण चमच्याचा कापला. परवा दुसरं पाकीट उघडलं, कोपर घालून तळापर्यंत चाचपलं. या खेपेला आत चमचाच नव्हता. बरं झालं.