एक्सरेच्या पट्ट्या आणि माडाचा हीर: स्पीकर रिपेरीची घरगुती हत्यारं, सात महिन्यांनंतर

शिगम्याच्या आधी आमच्या डिचोलीच्या भजनी मंडळाचे 8 इंची दोन स्पीकर गेले, म्हणजे पेपर (आवाज काढणारा कागदी कोन) शाबूत पण कडेच्या फोमला बोट लावलं की भुगा, आपल्या दमट हवेत तो नुसता पडून राहिला तरी कुजतोच. फोमच्या रिंगा मागवल्या, हत्यारं मात्र घरातलीच काढली. चवथीपर्यंत सात स्पीकर झाले.

सगळ्यात कामाचा निघाला आईच्या गुडघ्याचा जुना एक्सरे. मधली टोपी ब्लेडने कापायची, कॉईल (पेपरला मागून चिकटलेली तारेची गुंडाळी) आणि आतल्या लोखंडाच्या फटीत एक्सरेच्या चार पट्ट्या समोरासमोर सरकवायच्या, कॉईल बरोब्बर मधोमध बसते, मग रिंग चिकटवायची आणि गोंद पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. आधी कागदाच्या पट्ट्या करून बघितल्या, जुलैत त्या ओल धरून फुगल्या, काढताना तुकडा आतच राहिला, परत सगळं उघडा. (डॉक्टरांनी परवा तोच एक्सरे मागितला, घरात दोन दिवस वातावरण तंग.)

चिमटा मात्र लांबच ठेवा. मॅग्नेटने माझा असा खेचला की पेपरला भोक. आता झाडूतला हीर तासून चपटा करतो, त्यावर मास्किंग टेप उलटा गुंडाळतो, पेपर कॉईलसकट बाहेर काढलेला असला की मॅग्नेटच्या फटीत फिरवायचा, गंज चिकटून येतो. हीर मॅग्नेटला चिकटत नाही, फुकट आहे, अजून काय पाहिजे.

गोंदासाठी सिरिंज हा प्रकार फसला, दुसऱ्या दिवशी तोंडच बंद, त्यापेक्षा आइस्क्रीमची काडी बरी.

दीड व्होल्टचा सेल तर हवाच. प्लसला प्लस क्षणभर टेकवला की पेपर बाहेर यायला हवा. हे न बघता एकदा दोन्ही बॉक्स उलटसुलट जोडले आणि पखवाजाचा धुमाच (डाव्या बाजूचा जड आवाज) गायब, आम्ही आपले पखवाजवाल्यालाच बोलतोय! शेवटी मोबाईलवरून 30 हर्ट्झचा टोन अगदी हळू आवाजात लावून कान द्यायचा, खरखर आली म्हणजे कॉईल घासते.

आठवा स्पीकर तसाच पडलाय. 8 ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर सहा-सात दाखवतो, हा काहीच दाखवत नाही, कॉईल जळलीय. तिला हीर नि एक्सरे काय करणार, शुक्रवारी म्हापशाला बाजारात जाईन तेव्हा कारागिराकडे टाकतो.