दोन नेकची गिटार आणि तिच्या शेजारची ताई

मी ऑर्केस्ट्रात एकवीस वर्षं रिदम गिटार, म्हणजे गाण्यामागे ठेका धरणारी गिटार, वाजवली. दिवसा बँकेत कॅश काउंटर, रात्री गणपती, नवरात्र, नाहीतर कुठल्या तरी सोसायटीची पूजा. ज्याने ऑर्केस्ट्रा आतून पाहिलाय त्याला ठाऊक आहे: टाळ्या गाणाऱ्याला, शिट्ट्या लीडवाल्याला, म्हणजे सोलो वाजवणाऱ्या गिटारवाल्याला, आणि रिदमवाल्याला सगळ्यांचा पिऊन झाल्यावर उरलेला चहा. तक्रार नाही. पण पुढचं परीक्षण अशा माणसाने लिहिलंय, हे आधीच सांगितलेलं बरं.

वस्तू दोन आहेत. एक, 'हॉप, स्किप अँड जंप' नावाचा दोन सीड्यांचा संच. दुसरी, 'टाऊन हॉल पार्टी' या जुन्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमातली डीव्हीडी, पहिला भाग. दोन्ही जर्मनीच्या बेअर फॅमिली रेकॉर्ड्सच्या, दोन्ही कॉलिन्स किड्सच्या. कॉलिन्स किड्स म्हणजे लॉरी आणि लॅरी, सख्खी बहीण-भाऊ, दोघंही ओक्लाहोमात जन्मलेली. ती 1942 ची, तो 1944 चा. 1954 साली ही पोरं लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमध्ये दर शनिवारी रात्री होणाऱ्या या कार्यक्रमात दाखल झाली, तेव्हा ताई अकरा-बारा वर्षांची आणि भाऊ नऊ. पुढच्या वर्षी कोलंबियासारख्या बड्या रेकॉर्ड कंपनीने त्यांना करारबद्ध केलं. आणि एवढं सगळं असून त्यांचं एकही गाणं देशभर गाजलं नाही. एकही नाही!

मला त्यांचा पत्ता लागला तो क्लासमधल्या एका पोरामुळे. निवृत्तीनंतर मी बिल्डिंगमधल्या मुलांना गिटार शिकवतो. त्यातला एक आठवीतला मुलगा मोबाइल घेऊन आला, "काका, हे बघा, हा माझ्याहून लहान आहे." पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चित्रात काऊबॉयचा झालरवाला ड्रेस घातलेलं एक वीतभर पोरगं उड्या मारत होतं. त्याच्या गळ्यात दोन नेकची, म्हणजे दोन दांड्यांची, गिटार होती. खरं तर त्या गिटारच्या गळ्यात ते पोरगं अडकवलं होतं म्हणायला हवं, इतकी ती त्याच्यापेक्षा मोठी. आणि हात! असा हात मी आमच्या लाइनीतल्या भल्याभल्यांचा पाहिलेला नाही. ती क्लिप मी त्या रात्री सात-आठ वेळा पाहिली आणि सकाळी ऑर्डर नोंदवून टाकली. टपालखर्च आणि कस्टम्स धरून जो आकडा झाला तो मी घरात अजून सांगितलेला नाही.

आधी गिटारबद्दल, कारण ज्याला त्याला तिचंच कौतुक असतं. ती सेमी मोझ्ली या कारागिराने घडवलेली, मोझराइट नावाची. एक नेक नेहमीच्या लांबीची, दुसरी आखूड, एक सप्तक वर लावलेली. म्हणजे वाजवता वाजवता हात वरून खाली नेला की तोच तुकडा मँडोलिनसारखा टिपेला वाजतो. अशी गिटार मोझ्लीने आधी जो मॅफिस या वादकासाठी केली होती. मॅफिस टाऊन हॉल पार्टीतला मुख्य गिटारवाला, आणि लॅरीचा गुरू. डीव्हीडीवर दोघं शेजारी शेजारी उभे राहून वाजवतात तेव्हा गुरू टॉवरसारखा शांत आणि चेला त्याच्या पायाशी भोवऱ्यासारखा. दोघांच्या एकत्र वादनात 'हरिकेन' नावाचा एक तुकडा आहे. तो ऐकताना मी पहिल्यांदा चहा सांडला, दुसऱ्यांदा मुद्दाम कप खाली ठेवून ऐकला. एकाच चालीत, एकाच वेगात, एकही सूर मागेपुढे नाही. शिकवणाऱ्याने शिष्याला किती दिलं असेल हे त्यातून कळतं, आणि शिष्याने किती घोटलं असेल हेही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

डीव्हीडी तिसऱ्यांदा लावली तेव्हा मी एक गंमत केली. लॅरीकडे बघायचंच नाही असं ठरवलं. तुम्हीही करून बघा, सोपं नाही. डोळे आपोआप तिकडे पळतात. 'हॉय हॉय' हे गाणं चालू होतं. लॅरी सोलोला सुटतो, अंगात आल्यासारखा नाचतो, आणि त्याच्या बाजूला लॉरी साधी अकूस्टिक गिटार घेऊन उभी असते. हसते, त्याच्याकडे जरा तिरकं बघते, "चल रे, दाखव" असं काहीतरी डोळ्यांनी म्हणते. आणि उजवा हात? तो हात थांबत नाही. मनगट सैल, खालचा ठोका जरा दाबून, वरचा हलका. भाऊ कितीही उधळला तरी ती लय एका केसाने हलत नाही. मग सोलो संपतो, आणि ती एक श्वास न चुकवता गाण्यात शिरते, पूर्ण आवाजात.

हे ज्याने कधी केलंय त्यालाच कळेल. वाजवत असताना गायचं, गात असताना शेजारच्या वादळाला सांभाळायचं, आणि चेहऱ्यावर काहीच दाखवायचं नाही. आमच्याकडे एक लीडवाला होता, रंगात आला की आवर्तनाचं भान सोडायचा. त्याला परत समेवर आणायला मी आणि ढोलकवाला मिळून घाम गाळायचो. ही पोरगी तेच काम सोळाव्या वर्षी हसत हसत करते!

या संगीतात रिदम गिटारचं काम काय, हे थोडं सांगायला हवं. रॉकाबिली, म्हणजे कंट्री आणि ब्लूजच्या मिश्रणातून आलेलं सुरुवातीचं रॉक अँड रोल, सुरू झालं तेव्हा बऱ्याचदा ड्रम नसायचेच. एल्विस प्रेस्लीच्या 1954 च्या पहिल्यावहिल्या रेकॉर्डवर तो स्वतः अकूस्टिक गिटार ठोकतोय, स्कॉटी मूर लीडवर आणि बिल ब्लॅक उभ्या बेसच्या तारा बोर्डावर आपटतोय. बस, तिघंच. म्हणजे ठेका धरायचा तो गिटार आणि बेसने. कॉलिन्स भावंडांमागे टीव्हीचा अख्खा बँड असायचा, तरी लॉरीचा हात जुन्याच रीतीचा आहे: मी आहे तोवर ड्रम नसला तरी चालेल, अशा थाटाचा.

आता सीड्यांकडे. इथे मला थोडं कडक बोलावं लागेल. संच काळाच्या क्रमाने लावलेला आहे, आणि त्याचा तोटा असा की पहिली सीडी सुरुवातीला रखडते. कोलंबियाने 1955-56 मध्ये या दोघांना 'गोड मुलं' म्हणून विकायचा प्रयत्न केला. बालगीतांच्या वळणाची गाणी, चुटके, 'हश मनी' सारखी गाणी, ज्यात धाकटा भाऊ ताईचं गुपित न फोडण्यासाठी पैसे मागतो. एकदा ऐकायला मजा येते. दुसऱ्यांदा मी पुढचं बटण दाबलं. माझ्या मते यांचं नुकसान इथेच झालं. एकदा 'पोरांचा कार्यक्रम' असा शिक्का बसला की मोठी माणसं ऐकताना मान डोलावतात, पैसे टाकत नाहीत. आणि खरोखरीची पोरं तोवर एल्विसच्या मागे लागलेली होती.

1957 पासून मात्र चित्र पालटतं. 'हॉप, स्किप अँड जंप', 'हॉट रॉड', 'पार्टी', 'मर्सी', 'व्हिसल बेट'. शेवटचं गाणं लॅरीने तेरा वर्षांचा असताना गायलंय, गायलंय म्हणजे किंचाळलंय. घसा फाटेल की काय असं वाटतं, आणि मधला सोलो कान भाजून काढतो. संग्राहकांमध्ये याच गाण्याचं नाव सगळ्यात मोठं. असू दे. पण तुम्ही 'मर्सी' लावा. लॉरीचा आवाज तोवर बालिश राहिलेला नाही. त्यात एक खरखर आली आहे, शब्दाच्या शेवटी ती सूर जरा चावून सोडते. वॉन्डा जॅक्सनचं नाव या संगीतातल्या बायांमध्ये पहिलं घेतात, बरोबरच आहे, तीही ओक्लाहोमाचीच. लॉरीला त्याच बाकावर बसवायला हवी असं मला वाटतं. (हे 1957 साल आपल्याकडचंही आहे बरं का. याच वर्षी पुणतांब्याच्या आपल्या सी. रामचंद्रांनी 'ईना मीना डीका' केलं. दोन्हीकडची ही गाणी पाठोपाठ लावून बघा, पाय कसे थांबतात ते सांगा.)

आवाजाची प्रत उत्तम. मोनो आहे, मोनोच हवं. माझ्या जुन्या अँप्लिफायरवर बेसचा तो टपटप ठोका भिंतीवर बोट वाजवावं इतका स्पष्ट येतो. सोबतची पुस्तिका या कंपनीच्या लौकिकाला साजेशी: फोटो आणि कोणत्या तारखेला काय ध्वनिमुद्रित झालं याच्या याद्या. इंग्रजी बारीक टायपात आहे, भिंग घेऊन बसा.

डीव्हीडीचे दोष सांगतो. चित्र धूसर आहे. त्या काळी व्हिडिओ टेप नवी आणि महाग, त्यामुळे टीव्हीच्या पडद्यावर चाललेला कार्यक्रमच फिल्म कॅमेऱ्याने टिपून ठेवायचे. त्यातून जे उरलं ते हे. कडा पाझरल्यासारख्या दिसतात, पांढरा रंग कधी कधी भडकतो. मला याचा त्रास झाला नाही, पण ज्यांना सगळं चकचकीत लागतं त्यांनी पैसे वाया घालवू नयेत. दुसरा दोष माझ्या घरचा: डीव्हीडी प्लेयर कधीच भंगारात गेला होता. शेवटी भाच्याच्या लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडून बघितली. भाचा म्हणाला, "मामा, हे सगळं फुकटात मिळतं की." मिळतं, तुकड्या-तुकड्यांत. पण सलग बघताना जे दिसतं ते तुकड्यात दिसत नाही. एका शनिवारी लॅरीची उंची ताईच्या खांद्याएवढी, काही कार्यक्रमांनंतर कानाएवढी. पोरं डोळ्यांदेखत मोठी होतात.

ती मोठी झाली, आणि तिथेच जोडी सुटायला लागली. लॉरी काही काळ तेव्हाचा तरुण गायक रिकी नेल्सनची मैत्रीण होती, त्याच्या घरच्या टीव्ही मालिकेतही त्याच्यासोबत गायली. 1959 मध्ये तिने कंट्री गायक जॉनी कॅशचा मॅनेजर स्टू कार्नलशी लग्न केलं. साठच्या दशकात जोडीचं काम कमी होत होत थांबलं. लॅरी पुढे गीतकार झाला: 'डेल्टा डॉन' अॅलेक्स हार्वीबरोबर त्याचंच. 1972 मध्ये ते टान्या टकरने गायलं, आणि 1973 मध्ये हेलन रेडीच्या आवाजात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणजे स्वतःच्या आवाजात जे जमलं नाही ते दुसऱ्याच्या आवाजात मिळालं.

त्यांना पुन्हा शोधून काढलं ते युरोपातल्या चाहत्यांनी. बेअर फॅमिलीने ऐंशीच्या दशकात त्यांची गाणी एलपीवर परत आणली, 1991 मध्ये हा सीडी संच आला, आणि 1993 साली इंग्लंडमधल्या हेम्सबी इथल्या रॉकाबिली महोत्सवात ही दोघं इतक्या वर्षांनी पुन्हा एकत्र मंचावर उभी राहिली. समोरच्यांना शब्दन् शब्द पाठ. ज्या गाण्यांना आपल्या देशात कुणी विचारलं नाही ती समुद्रापलीकडची, बरीचशी आपल्याहून लहान माणसं आपल्यासोबत म्हणतायत, हे त्या दोघांना कसं वाटलं असेल याचा मी बराच वेळ विचार करत बसलो होतो. लॉरी 2018 मध्ये गेली, लॅरी 2024 च्या जानेवारीत.

घ्यायचंच तर काय घ्यावं? एकच घेणार असाल तर डीव्हीडी घ्या. लॅरी नुसता ऐकून पुरत नाही, तो बघायला लागतो. सीडीचा संच त्यानंतर, आणि आधी दुसरी सीडी लावा, मग पहिलीकडे या, तर ती गोड मुलांची गाणीही जरा सुसह्य होतात. किंमत जास्त आहे, यात वाद नाही. गिटार शिकणाऱ्या मुलाला भेट द्यायची असेल तर डीव्हीडीइतकी कामाची वस्तू नाही. फक्त त्याला सांगा, पहिल्यांदा डावीकडे उजवीकडे कुठेही बघ, दुसऱ्यांदा ताईचा उजवा हात बघ.

क्लासमध्ये मी दाखवली. ज्याने क्लिप आणली होती तो पोरगा अर्थातच लॅरीच्या उड्या मारून दाखवत होता, एक कुंडी फुटली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र तिसऱ्यांदा थांबवायला लावलं आणि विचारलं, "ती वरच्या ठोक्याला हात उचलते का नुसता सैल सोडते?" सैल सोडते. आता आम्ही दर गुरुवारी पंधरा मिनिटं तेवढंच करतोय. संच बघायचा असेल तर घरी या, चहा पाजेन. उसना मात्र देणार नाही, मागच्या वेळी दिलेल्या तीन कॅसेट अजून परत यायच्या आहेत.