स्नोशू घ्यायचे, पण कुठले? सोलापूरकर ट्रेकर्ससाठी

गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरातून उत्तराखंडातल्या केदारकंठा, ब्रह्मतालच्या बर्फातल्या ट्रेकला निघणाऱ्यांची खरेदी सुरू होते आणि स्नोशूचा, म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटीचा, विषय निघतोच. केदारकंठ्यासाठी ते नकोतच. तिथली वाट आधीच्या ग्रुपनी तुडवून घट्ट केलेली असते. मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायचे छोटे दाते) आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवरचं आवरण) पुरतात, तेही पायथ्याच्या सांकरी गावात भाड्याने मिळतात. कुणी न चाललेल्या भुसभुशीत बर्फात स्वतः वाट पाडत चढायचं असेल, तरच पुढचं वाचा.

सगळ्यात जास्त दिसतात ते ॲल्युमिनियमच्या गोल नळीच्या चौकटीचे, मध्ये ताणलेलं कापड. सपाटीला झकास. पण डोंगर आडवा कापत निघालात की ती गुळगुळीत नळी उताराकडे सरकते आणि सगळा भार पायाखालच्या दातांवर येतो. एमएसआर कंपनीचा इव्हो प्लास्टिकचा आहे. दणकट, खाली दोन्ही बाजूंना लांब दातेरी पोलादी पट्ट्या. घट्ट बर्फावर खडखडतो फार. त्याच कंपनीच्या लायटनिंग असेंटला नळीच नाही. उभ्या पट्टीची चौकट, तिलाच दाते, त्यामुळे कडा चहूबाजूंनी रुतते. चढाईला मी हाच घेईन. इव्होपेक्षा महाग पडतो, पण तिरक्या उतारावर फरक कळतो.

टाचेखाली उभी करायची तार असलेलाच घ्या. लांबलचक चढावर पोटऱ्यांचा निम्मा त्रास तिथेच वाचतो.

साइज बघताना फक्त आपलं वजन धरू नका. माणूस ७० किलोचा, सॅक आणि बूट धरून १५, म्हणजे ८५ झाले. २२ इंची इव्होची मर्यादा साधारण ८२ किलो आहे, पण त्याला मागे जोडायच्या शेपट्या मिळतात. चढताना आखूड, ताज्या खोल बर्फात शेपट्या लावून, असं दोन्ही जमतं. लायटनिंगमध्ये या वजनाला २५ इंची बरा. ३० इंची तीव्र चढावर पायात येतो.

कडक बर्फाचा उभा उतार आला की स्नोशू सॅकला आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लांब टोकदार दाते) पायात, तिथे तडजोड नको. आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका सर्वात जास्त असतो. स्नोशू त्यापासून वाचवत नाही. दुपारी ओला झालेला बर्फ दातांखाली गोळा होतो, पावसानंतर काळ्या रानात चपलेला चिखल चिकटतो तसा. काठीने ठोकून पाडत राहायचा.

सोलापुरात बर्फ कुठून आणणार? पण पट्टे तपासता येतात. ट्रेकचेच बूट, हातात जाड मोजे, आणि गच्चीवर चढवून-उतरवून बघा. बारीक बकल मोज्यांनी सापडत नाही, बर्फ अडकला तर रॅचेट (दातेरी पट्टीवर सरकणारी कळ) सरकत नाही. भोकांचे लवचिक रबरी पट्टे दोन्हीपेक्षा चांगले. मात्र गच्चीवर फार चालू नका, फरशीवर दात बोथट होतात.